मालकिणीचे दुसरे टाके

कात्रीबाई हे नाव तिला कोणी ठेवलं हे कोणीच कबूल करत नाही. पण ते तिच्या पाठीमागे सगळेच घेतात आणि समोर आली की सगळेच "या ताई" म्हणतात, तेव्हा साऱ्या वस्तीचाच त्यात हात असणार. नाव तसं अन्यायाचं आहे. तिच्या हातात कात्री कधीच नसते. असते ती झाकणाची वेताची टोपली, खांद्यावर एक जुनी शाल, आणि खिशात सुक्या मासळीचा चुरा, ज्याच्या वासानं रस्त्यातली मांजरं तिच्यामागे रांग लावून चालतात. कात्री असते तिच्या नवऱ्याच्या हातात. तो शिंपी. "मी कापतो ते परत शिवून देतो," तो गिऱ्हाइकांना सांगतो, "हिचं खातं वेगळं." हा विनोद त्यानं इतक्या वेळा केला आहे की आता गिऱ्हाइकंच तो आधी करून मोकळी होतात.

ताई नगरपालिकेच्या जनावर-परवाना खात्यात घरभेटीचं काम करते. नियम साधा आहे. कुत्रं पाळा, मांजर पाळा, कोणी नको म्हणत नाही. त्याची नसबंदी करून घेतलीत तर ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट आणि परवाना नावापुरत्या पैशांत. नाही केलीत तर दरवर्षी चांगले घसघशीत पैसे भरा, आणि घरात पिल्लं झालीच तर प्रत्येक पिल्लाला घर मिळवून दिल्याचं दाखवा. जबरदस्ती नाही, खिशाला चिमटा आहे. कागदावर हा नियम फार शहाणा दिसतो. तो ज्यानं लिहिला त्याला एक दिवस ताईबरोबर दारोदार फिरवायला हवं. एका दारात ऐकायचं, "आमची तसली नाही हो, बाहेरच जात नाही." पुढच्या दारात, "देवानं दिलेलं काढून घेणारे तुम्ही कोण?" तिसऱ्या दारात बोका मांडीवर घेऊन बसलेला धडधाकट गृहस्थ विषय निघताच स्वतःच्याच मांड्या आवळून घेतो आणि हवापाण्याबद्दल बोलू लागतो. पुरुषमाणसांना बोक्याचं दुःख इतकं जवळचं का वाटतं यावर ताई काही बोलत नाही. घरी आल्यावर हसते मात्र भरपूर.

हे काम तिनं मागून घेतलं होतं. त्याआधी ती त्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत होती. तेव्हा हा नियम नव्हता, आणि लोक नको असलेली पिल्लं खोक्यात, पोत्यात, कधी तर शाळेच्या दप्तरात घालून दवाखान्याच्या फाटकाशी ठेवून जात. काही दिवस वाट बघायची, कोणी नेलं नाही तर सुई द्यायची, अशी रीत होती. सुई डॉक्टर देत. पिल्लू धरायचं काम ताईचं. पिल्लांना वाटे, ही बाई आपले लाड करते आहे, म्हणून ती शेवटपर्यंत तिचा हात चाटत राहत. ही गोष्ट ताई फारशी सांगत नाही, पण सांगते तेव्हा आडपडदा ठेवत नाही: त्या दिवसांत तिला जेवण जात नसे, आणि घरी येऊन ती हात धूत बसे. नियम आला तेव्हा घरभेटीला जायला कोणी तयार नव्हतं. ही आपणहून साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. आता त्या मागच्या खोलीत झाडू आणि बादल्या ठेवतात. माणसं घरं बांधतात, दागिने करतात. एक खोली रिकामी करून दाखवली ही हिच्या आयुष्याची कमाई आहे, आणि आम्हाला विचाराल तर भल्याभल्यांच्या कमाईपेक्षा ती मोठी आहे.

ती तिनं केली कशी? लोक आपलं जनावर नियमाच्या हाती देत नाहीत, ताईच्या हाती देतात. दारात ती दोनच गोष्टींचा शब्द देते. "गरज नसताना याला सुरी लागू देणार नाही. आणि हा डोळे उघडून मला ओळखेपर्यंत मी जागची हलणार नाही." एवढ्यावर सगळी वस्ती चालते. तो शब्द गेला तर ती टोपलीवाली एक बाई, बस्स. मग दारं बंद होणार, फाटकाशी खोकी येऊन पडणार आणि मागच्या खोलीतले झाडू बाहेर निघणार. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता लोक ताईशी खोटं बोलत नव्हते असं नाही. लोकांचं ठरलेलं वाक्य एकच: "आमच्याचं झालंय." पैसेही भरायला नकोत आणि ऑपरेशनही नको, असा त्यातला हिशोब. त्यावर ताईनं आपली एक तपासणी काढली होती. मादी उताणी करायची, अंगठा ओला करून पोटाच्या मधोमध केस बाजूला सारत न्यायचा. आमच्या डॉक्टरांचा हात नेहमी तिथूनच चालतो. जुना टाका डोळ्यांना दिसत नाही, पण दोऱ्यासारखा बारीक अंगठ्याला लागतो. लागला तर "बरोबर आहे" म्हणून ती पुढच्या दारी जाई. नाही लागला तर नुसती बघत उभी राही, आणि बहुतेकांना तेवढं पुरे. खाई त्याला खवखवे. तिचा अंगठा कधी चुकला नव्हता, आणि खरी अडचण तीच होती.

कोपऱ्यावर घड्याळजींचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे राहायची खोली. घड्याळजींची दोन कामं: घड्याळं दुरुस्त करणं आणि थापा मारणं. पहिल्यात ते चांगले आहेत, दुसऱ्यात त्यांना तोड नाही. एकदा म्हणे त्यांनी एक घड्याळ इतकं अचूक लावून दिलं की दुसऱ्या दिवशी सूर्यच दोन मिनिटं उशिरा उगवला असं लक्षात आलं. टॉवरच्या घड्याळात उतरून एक रात्र त्यांनी काटा खांद्यावर तोलून धरला होता, त्याची खूण दाखवायला ते सदरा काढू लागतात, आणि समोरचाच "राहू दे, राहू दे" म्हणतो. चहाच्या टपरीवर कोणी जरा जास्त बोललं की लोक म्हणतात, "घड्याळजी झालास का?" बायको होती तोवर ती मागच्या खोलीतून ओरडायची, "निम्मं धरा हो, निम्मं!" ती गेल्यावर निम्मं करायला कोणी उरलं नाही.

उरली ती तिची मांजर. राखाडी, रुंद, काचेच्या टेबलावर घड्याळांच्या वर पसरून बसणारी. तिचं नाव मालकीण. दुकान कोणाचं असं कोणी विचारलं की बायको म्हणायची, "यांचं नाही, माझं पण नाही, ही बसलीये ना, तिचं." तेच नाव पडलं. गिऱ्हाइकाला खालचं घड्याळ बघायचं असेल तर आधी मालकिणीची मर्जी बघावी लागे.

या मालकिणीचा परवाना भरायचा राहिला होता म्हणून ताई दुकानात गेली.

"झालंय हिचं," घड्याळजी डोळ्याची भिंगाची नळी न काढता म्हणाले.

"बरं काका. बघू का जरा?"

"बघ की. पण उताणं केलेलं तिला आवडत नाही. मला पण आवडत नाही."

मालकीण टेबलावर नव्हती. मागच्या खोलीत, उशीवर आडवी पडली होती, आणि तिच्या पोटाशी दोन पिल्लं लुचत होती. ताईनं पिल्लांकडे पाहिलं, मग घड्याळजींकडे पाहिलं.

"ती हिची नाहीत," घड्याळजी घाईनं म्हणाले. "मागच्या पत्र्याखाली कोणीतरी टाकून गेलं. हिनंच मानगुटीला धरून आत आणली."

"आणि दूध पाजते?"

"दूध कुठंय? नुसती तोंडात धरून पडतात. लहान मुलं अंगठा चोखतात ना, तसं."

ताईनं दाबून पाहिलं. दूध आलं नाही. पण पिल्लं खाती झाल्याएवढी मोठी होती, दूध आटलं असणार. मग तिनं अंगठा ओला केला. मधोमध वरून खाली नेला, खालून वर नेला. काही लागलं नाही.

"काका," ती म्हणाली, "काही नाहीये इथं."

"अगं, माझ्या बायकोनं करून आणलंय! बहिणीच्या गावाला गेली होती, हिला घेऊन गेली आणि येताना कमरेला पट्टी बांधून आणली. मी या डोळ्यांनी बघितलीये पट्टी."

"कागद आहे काही?"

"कागद तिच्याकडे असेल. जा, विचारून ये."

हे ते अगदी सरळ बोलले. पण समोर पिल्लं होती, अंगठ्याला काही लागलं नव्हतं आणि बोलणारा माणूस सूर्याला उशीर झालेला पाहणारा होता. तिनं शितावरून भाताची परीक्षा करून टाकली. ती शांतपणे बसली आणि एकच गोष्ट बोलली. मालकिणीचं वय झालंय, या वयात आणखी एक वीण झाली तर ती वाचणार नाही.

घड्याळजींनी नळी काढून ठेवली. बायकोची म्हणून राहिलेली ती एकच जिवंत गोष्ट होती. बराच वेळ ते मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"ने," ते म्हणाले. "पण ऐक पोरी, मी खरं बोलतोय."

"हो काका," ताई म्हणाली. लहान मुलाला आपण म्हणतो ना, "हो हो, वाघच होता तो," तशा आवाजात.

सकाळी तिनं मालकिणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगला माणूस आहे, कामानं दबलेला आहे, आणि ताईनं आणलेल्या जनावराला पुन्हा तपासत बसायची त्याला सवय राहिलेली नव्हती. पोटाचे केस काढले, भूल दिली, छेद घेतला. नेहमी हे काम होईतो त्याचं काहीतरी गुणगुणणं चालू असे. ते थांबलं. त्यानं छेद वाढवला, दिवा जवळ ओढला, पुन्हा शोधलं.

"ताई, इथं काही नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे काढलेलं आहे. आधीच. बांधलेली टोकं दिसतायत."

पोट शिवून झाल्यावर त्यानं मांजरीला कुशीवर वळवलं आणि डाव्या बरगडीच्या खाली, कमरेच्या वर केस काढले. तिथं पांढरी रेघ होती, नखाएवढी. बाहेरगावचे काही डॉक्टर मांजरीचं ऑपरेशन बाजूनं करतात, हे त्याला माहीत होतं. ताईनंही कधीतरी ऐकलं होतं. पण इथं कोणी तसं करत नाही म्हणून दोघांनीही बघितलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. कमरेला पट्टी! माणूस कमरेला पट्टी म्हणून ओरडत होता आणि ही पोटावर अंगठा फिरवत बसली होती.

मालकीण लवकर शुद्धीवर येईना. वय झालेलं, त्यात शोधाशोधीत भूल जास्त द्यावी लागलेली. ताई तिला शालीत गुंडाळून, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावून फरशीवर बसून राहिली. कान चोळले, पंजे चोळले, हळूहळू नावानं हाका मारल्या. डबा तसाच राहिला. इतकी वर्षं तिनं जनावरं धरली होती, पण त्या दिवशी हातातलं जनावर गार पडलं तर आपण पुन्हा कुठल्याच दारात उभ्या राहू शकणार नाही, या भीतीनं ती बाटल्यांतलं पाणी पुन्हा पुन्हा बदलत होती. आणि त्याहून जास्त तिला त्या म्हाताऱ्याची आठवण येत होती. उन्हं कलली तेव्हा मालकिणीचा एक कान हलला. मग डोळे उघडले. तिनं समोर कोण आहे ते नीट पाहिलं आणि ताईच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. ताईला रडू फुटलं, आणि तिनं ते आवरलं नाही.

डॉक्टर जवळ येऊन उकिडवा बसला. "ऐका ताई. मांजर ठीक आहे. आठवड्यात टाके भरतील. त्यांना सांगा, ऑपरेशन झालं. खोटं नाही ते, झालंच की."

"डॉक्टर..."

"ही गोष्ट बाहेर गेली तर तुमच्याकडे कोण जनावर देईल? ती मागची खोली परत सुरू करायचीये का? मला सुया द्यायच्या नाहीत परत. खरंच नाही."

तो स्वतःला वाचवायला बोलत नव्हता, म्हणून तर ते ऐकायला जास्त अवघड गेलं. टोपली घेऊन निघताना ताई त्या खोलीच्या दारात थांबली. झाडू, बादल्या, फिनेलचा डबा. एका मांजरीचे टाके एका बाजूला आणि ती खोली दुसऱ्या बाजूला, हा हिशोब तिला कळत नव्हता असं नाही. पण रस्ताभर तिच्या डोक्यात दुसरंच वाक्य घोळत राहिलं: मीही "आमच्याचं झालंय" म्हणणाऱ्यांतली झाले, तर मग कोणत्या तोंडानं कोणाच्या जनावरावर अंगठा फिरवू?

दुकानात पोचल्यावर ती बसलीही नाही. "काका, तुमचं खरं होतं. हिचं आधीच झालेलं होतं. कमरेजवळून. मी बघितलं नाही. तुम्ही सांगत होतात तरी ऐकलं नाही. हिला उगाच फाडलं आम्ही."

घड्याळजी उठले, मालकिणीला दोन्ही हातांवर घेतलं, बायकोच्या उशीवर ठेवलं. परत आले तेव्हा त्यांची हनुवटी हलत होती.

"म्हणजे मी खरं बोलत होतो."

"हो."

"परत बोल."

ती परत बोलली.

"इथं नको," घड्याळजी म्हणाले. "चल बाहेर."

आता म्हाताऱ्यानं हे करायला नको होतं, असं म्हणणारे वस्तीत पुष्कळ आहेत. पण ज्याचं खरंही वर्षानुवर्षं निम्मंच धरलं गेलं, त्याच्या मनात काय साठतं ते त्यालाच माहीत. चहाच्या टपरीवर संध्याकाळची सगळी मंडळी होती. घड्याळजींनी ताईला मधे उभं केलं. "आता इथं बोल."

ताईनं सगळं सांगितलं: पट्टी, अंगठा, बाजूची रेघ, काहीही न गाळता.

"म्हणजे उगाच फाडलं?" कोणीतरी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "उगाच फाडलं."

पुढचे काही दिवस घड्याळजींचं राज्य होतं. लोक त्यांना चहा पाजत, सगळी हकिगत पहिल्यापासून ऐकत, आणि त्यांनी एका शब्दाचीही भर घातली नाही. गरजच पडली नाही. ताईला मात्र दारादारांतून उत्तर मिळू लागलं, "सध्या नको ताई, पाहुणे आलेत." ज्यांच्याकडे उभ्या जन्मात कोणी फिरकलं नाही त्यांच्याकडेही पाहुणे उतरले. बेकरीवालीनं तर काही न बोलता दाराला आतून कडी घातली. तिची कुत्री दर खेपेला टोपलीभर पिल्लं घालायची, आणि ऑपरेशनला बेकरीवाली नुकतीच कुठे तयार झाली होती.

आणि मग एका सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी खोकं आलं. आत तीन कुत्र्याची पिल्लं, डोळे न उघडलेली. ताईनं ती मागच्या खोलीत जाऊ दिली नाही, घरी नेली. नवऱ्यानं पिल्लांकडे पाहिलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आपला ठरलेला विनोद केला नाही. कापडाच्या चिंध्यांचं मोठं खोकं मशीनखालून ओढलं, त्यात पिल्लांना जागा करून दिली आणि दुधाची बाटली उकळायला ठेवली.

वस्तीत गोष्ट लपत नाही. घड्याळजींना पिल्लांचं कळलं तेव्हा त्यांनी त्या दिवशी टपरीवर हकिगत सांगितली नाही.

एवढ्यात कोणीतरी खात्यात तक्रार केली, आणि साहेब चौकशीला आले. साहेब नवीन होते, घाईत होते, आणि जनावरांच्या खात्यात असूनही मांजरीपासून दोन हात लांब उभे राहिले. ताईला त्यांनी बरोबर आणलं होतं. दुकानाबाहेर टपरीवाला, बेकरीवाली, झाडून सगळे जमले. साहेबांनी आल्या आल्याच सांगून टाकलं: मालकाला न विचारता, त्याचं न ऐकता ऑपरेशन झालं असेल तर या बाईंचं घरभेटीचं काम आजपासून बंद, त्या आत टेबलावर बसतील. मालकाच्या इच्छेनं झालं असेल तर प्रश्न मिटला.

"तर मग, काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं.

घड्याळजींनी मालकिणीला जवळ घेतलं. "काही झालं नव्हतं साहेब. मीच म्हटलं, उघडून बघा."

"तुम्ही म्हटलंत?"

"हो. बायको म्हणायची करून आणलं, पण तिचं काय खरं? थापा मारायची सवयच होती तिला. आयुष्यभर थापा मारल्या. मला पट्टीबिट्टी काही माहीत नाही. मी म्हटलं, ताई, एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाक. या बिचारीची काही चूक नाही."

हे बोलताना ते कोणाकडे बघत नव्हते. मांजरीच्या पाठीवरचा हात थांबला होता. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. ताईनं आता फक्त गप्प राहायचं होतं. मान हलवायचीसुद्धा गरज नव्हती.

"साहेब, हे खोटं बोलतायत," ताई म्हणाली.

"ए, गप बस तू," घड्याळजी पुटपुटले.

"नाही काका. बायकोवर नका घालू. साहेब, त्यांनी मला सगळं सांगितलं होतं, पट्टी कुठं होती ते पण. त्यांची बायको खरी होती आणि तेही खरे होते. चूक माझी आहे."

साहेब या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघू लागले. तक्रार मिटवायला आलेल्या माणसापुढे ती पुन्हा उघडली होती, तीही जिच्यावर तक्रार होती तिनंच. ते दारातल्या गर्दीकडे वळले. "अहो, यातलं खरं कोण बोलतंय?"

"ताई," टपरीवाला ताबडतोब म्हणाला. "हे घड्याळजी आहेत साहेब, यांच्यावर काय जाता? ताई खोटं बोलत नाही."

"बोलायचीच असती तर तेव्हाच बोलली असती," बेकरीवाली म्हणाली. "तिनं आपणहून येऊन सांगितलं म्हणून कळलं. नाहीतर कुठली रेघ आणि कुठली पट्टी, आम्हाला काय..." ती मधेच थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. बाकीच्यांनाही आलं. काही जण उगाचच चपलांकडे बघू लागले.

"म्हणजे चूक झाली हे नक्की," साहेब म्हणाले.

"झाली साहेब," ताई म्हणाली. "आता डॉक्टर आणि मी आधी दोन्ही बाजूंचे केस काढून बघतो. आणि मालक काय सांगतो ते पूर्ण ऐकून घेते."

"ते ठीक आहे. पण घरभेटीचं काम..."

"मग उद्या आमच्या कुत्रीला न्यायला कोण येणार?" बेकरीवालीनं विचारलं. "तुम्ही?"

साहेबांनी बेकरीच्या पायरीवर बसलेल्या कुत्रीकडे पाहिलं. कुत्रीनंही साहेबांकडे पाहिलं. त्यांनी ताईला सगळ्यांसमोर कडक ताकीद दिली, पुन्हा असं होता कामा नये असं दोनदा बजावलं, आणि ते गाडीत बसून गेले. काम ज्याचं त्याच्याकडे राहिलं.

गर्दी पांगली तरी घड्याळजी स्टुलावर तसेच बसून होते. इतकी चांगली थाप फुकट गेली म्हणून चिडलेत, असं टपरीवाला म्हणाला, पण तसं नव्हतं.

"इतक्या लोकांत तिला खोटारडी म्हटलं मी," ते ताईला म्हणाले. "तुझं काम जात होतं ना पोरी. ती पिल्लं फाटकाशी आली, ती माझ्यामुळे. तुला बाहेर नेऊन उभं केलं नसतं तर..."

"मला कळलं काका, तुम्ही का बोललात."

"मग बोलू द्यायचं होतंस. ती काय, गेलेली बाई. तिला आता काय फरक पडणार होता?"

"काकूंचा शब्द एकदा मी खोटा ठरवला," ताई म्हणाली. "तुमच्या तोंडून परत ठरवून घेऊ? तेही माझ्या कामासाठी?"

मालकीण घड्याळजींच्या मांडीवरून उतरली, टाक्यांमुळे जरा वाकडी चालत टेबलापर्यंत आली आणि वर चढता येईना म्हणून ओरडू लागली. घड्याळजींनी तिला उचलून घड्याळांवर ठेवलं. डोळे पुसायला त्यांनी भिंगाचंच फडकं घेतलं.

"तू तिला फार आवडली असतीस," ते म्हणाले.

ताईनं त्यावर लगेच विश्वास ठेवला.